दळणाचा नंबर

न्यायाधीश साहेबांनी पहिल्याच दिवशी मला दोनदा सांगितलं, "सरकारी वकील, जरा मोठ्यानं बोला." दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा पिंजऱ्यात उभा असलेला आरोपीसुद्धा माझ्याकडे सहानुभूतीनं बघत होता.

सोनपेठचं कोर्ट ही माझी पहिली नेमणूक. आता बदली झाली आहे. नव्या ठिकाणचं कोर्ट उंच इमारतीत आहे, लिफ्ट आहे, साक्षीदारांना बसायला खुर्च्या आहेत, आणि माझा आवाज आता मागच्या बाकापर्यंत जातो. तरी दुपारी डबा उघडला की मला सोनपेठचा व्हरांडा आठवतो. भिंतीला पाठ लावून बसलेली माणसं, त्यांच्या पिशव्या, मधूनच एखाद्या पिशवीतून येणारा मिरचीच्या ठेच्याचा वास. पट्टेवाला दारात येऊन नाव पुकारायचा तेव्हा सगळा व्हरांडा एकदम सावध व्हायचा आणि ज्याचं नाव नसेल तो पुन्हा सैलावून बसायचा. मी माझा डबा रेकॉर्डच्या खोलीत एकटीच खायचे. लाल फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यांच्या मधे एक टेबल होतं. तिथं कुणी काही विचारत नसे, म्हणून मला ती जागा आवडायची.

बाहेर मात्र सगळे विचारायचे. "मॅडम, गाव कोणतं?" हा प्रश्न मला टायपिस्टनं विचारला, घरमालकिणीनं विचारला, झेरॉक्सवाल्यानं विचारला. मी "पूर्णा" म्हणायचे. पूर्णा हे रेल्वेचं गाव. तिथं कुठकुठून माणसं आलेली, त्यामुळे या उत्तरातून कुणाला काहीच हाती लागत नसे. आमचं आडनावही असं आहे की त्यावरून अंदाज बांधता येत नाही. आम्ही बौद्ध. वडील रेल्वेत क्लार्क होते, माझं बालपण क्वार्टरमध्ये आणि इंग्रजी शाळेत गेलं. मी काही लपवत नव्हते. विचारणाऱ्याला जे खरं विचारायचं असतं ते त्यानं सरळ विचारावं, एवढंच मला वाटायचं. सरळ कुणी विचारलं नाही.

कोर्टाचं मराठी मला तेव्हा जड जायचं. प्रश्न डोक्यात इंग्रजीत तयार व्हायचा, मग मी तो मराठीत आणायचे, आणि तोवर साक्षीदार दुसरीकडे बघायला लागलेला असायचा. एक शब्द मात्र पहिल्या ऐकण्यातच आवडला होता: फितूर. सरकारचा साक्षीदार सरकारच्याच विरुद्ध बोलायला लागला की तो फितूर. असा शब्द एखाद्या किल्ल्याच्या दरवाजाशी शोभावा, आणि तो आमच्याकडे जवळजवळ रोज वापरावा लागायचा.

ही केस माझ्याकडे आली तेव्हा कागद माझ्यापुढे ठेवणारे पैरवी हवालदार, म्हणजे सरकारी वकिलाला कोर्टात मदत करायला नेमलेले पोलीस, आधीच हसत होते.

"मॅडम, गिरणीची केस हाय. पिठाच्या."

"चोरी?"

"न्हाई. नंबरची. दळणाच्या नंबरची."

गोदावरीच्या अंगाला असलेल्या एका गावात एकच पिठाची गिरणी होती. गावाचं नाव इथं लिहीत नाही. बौद्ध वस्तीतल्या एका बाईनं तक्रार दिली होती की गिरणीवाला आमच्या वस्तीचे डबे मुद्दाम शेवटी दळतो. शिवी दिली नव्हती, अंगाला हात लावला नव्हता, म्हणून पोलिसांनी मोठा, अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लावला नव्हता. नागरी हक्क संरक्षणाचा जुना कायदा लावला होता, आणि त्याचे खटले आमच्या तालुक्याच्या कोर्टात चालतात. त्या कायद्यात एक साधी गोष्ट आहे: दुकानदारानं किंवा सेवा देणाऱ्यानं इतरांना ज्या वेळी, ज्या ठिकाणी, ज्या अटींवर सेवा दिली, तशीच ती सगळ्यांना द्यायला हवी. मी कॉलेजात हे कलम वाचलं तेव्हा 'त्याच ठिकाणी' या शब्दांकडे लक्ष गेलं होतं. 'त्याच वेळी' या शब्दांत एवढं काही असेल असं वाटलं नव्हतं.

"सिद्ध होईल का?" मी विचारलं.

हवालदारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "मॅडम, पंच फुटणार, साक्षीदार फुटणार. गावात गिरणी एक. फुटले न्हाई तर खातील काय?"

तक्रारदार बाई पहिल्या तारखेला आली. पन्नाशीची, उंच, पदर घट्ट खोचलेला. मी तिला मावशी म्हणायला लागले. तिला जबाब वाचून दाखवायचा म्हणून रेकॉर्डच्या खोलीत बसवलं, पण वाचता वाचता मीच अडले. डबा मागे सारला म्हणजे नक्की काय झालं ते मला कळेना.

"तुमी कधी गिरणीत गेला न्हाईत का मॅडम?"

"लहानपणी. आईबरोबर."

मग तिनं माझ्या टेबलावरचे गठ्ठे ओळीनं मांडले. गावात बायका सकाळी तेलाच्या डब्यात धान्य घेऊन जातात, डबा ओळीत ठेवतात आणि रानात निघून जातात. बाई तिथं नसली तरी डबा तिच्या जागी उभा. कुणाच्या डब्याला हिरवा रंग, कुणाच्या डब्याला पोचा, कुणाच्या कडीला चिंधी. सगळं गाव सगळ्यांचे डबे ओळखतं. गिरणीवाला सकाळी ज्वारी दळतो, ती संपली की गहू, आणि शेवटी हरभऱ्याची डाळ, कारण डाळीचं पीठ दगडाला चिकटतं.

"आन् आमचा डबा ह्या इथं," असं म्हणून तिनं एक गठ्ठा उचलून पार भिंतीशी ठेवला. "डाळीच्याबी मागं. ज्वारी आसू का गहू. कदी लाइट जाती, मग तसाच ऱ्हातो. दळलं तरी भाकर पिवळी होती. डाळीवर दळलेली ज्वारी थापताच येत न्हाई, फाटती."

"हे कधीपासून?"

"सासू व्हती तवापासून. मी लय वर्सं पुण्याला व्हते बांधकामावर. तिथं गिरणीत डबा ठिवला की ठिवला. कुणी ईचारलं न्हाई कुणाचा हाय. वापस आले आन् बघते तर डबा भिंतीला." तिनं भिंतीशी ठेवलेला गठ्ठा पुन्हा ओळीत आणला. "त्या दिशी मी तो उचलून परत ज्वारीच्या लायनीत ठिवला. त्यानं परत भिंतीला नेला. म्हणला, ज्याचं त्याचं टाइम आसतंय. मग मी डब्यावरच बसले. दारात. दुपार होस्तोर बसले, आन् मग उठून पोलीस ठेसनला गेले."

मी विचारलं की तिला या केसमधून काय हवं आहे. हा प्रश्न वकिलानं विचारायचा नसतो, शिक्षा मागायची की नाही ते सरकार ठरवतं. पण मी नवीन होते.

"त्याची जेल नको मला, फेल नको. मव्हा डबा जिथं ठिवला तिथंच राह्यला पायजे. एवढंच."

शनिवारी मी घरी जायचे. सोनपेठहून एसटीनं गंगाखेड आणि तिथून रेल्वेनं पूर्णा. त्या आठवड्यात मी आईला केस सांगितली, नावं न घेता. आई पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं नाही.

"आमच्या गावात डबा आतच नेऊ देत नव्हते," ती म्हणाली. "दारात ठेवायचा. गिरणीवाला तो काठीनं पुढं ओढायचा."

मला हे माहीत नव्हतं. आईनं ते अशा आवाजात सांगितलं की जणू एखाद्या भाजीत काय घालायचं ते सांगते आहे.

"कधी बोलली नाहीस."

"तू इंग्लिश शाळेत कविता पाठ करायचीस. तुला त्यात हे कुठं सांगू?" मग ती हसली. "तुझे पप्पा कितीदा म्हणाले, घरघंटी घेऊ. क्वार्टरमध्ये सगळ्यांकडं आली होती. मीच नको म्हणायचे."

ते मला आठवत होतं. आठवड्यातून एकदा संध्याकाळी आई मला घेऊन स्टेशनजवळच्या गिरणीत जायची. पट्ट्याचा फटफट आवाज, हवेत उडणारं पीठ, गिरणीवाल्याच्या भुवया पांढऱ्या. मला शाळेच्या गणवेशावर पीठ बसलेलं आवडायचं नाही. मी कुरकुर करायचे. आणि आई डबा ठेवून निघून येता येत असूनही तिथंच उभी राहायची, गार्डच्या बायकोशी, तिकीट कलेक्टरच्या बायकोशी, गँगमनच्या आईशी बोलत. आपला डबा पुढं पुढं सरकताना बघत. मला वाटायचं आईला गप्पांची हौस आहे. परत येताना ती गरम डबा पोटाशी धरून चालायची आणि मी तिच्या पदराला धरून. दोघींच्याही पापण्यांवर पीठ असायचं. आता ती गिरणी नाही. तिथं मोबाइलचं दुकान झालं आहे. पूर्णेला गेले की मी त्या वळणावर जरा हळू चालते.

केसच्या पुढच्या तारखेला गावातली मोठी माणसं कोर्टात आली. पांढरे कपडे, खिशाला पेन. त्यांच्याबरोबर मावशीचा दीरही होता, मान खाली घालून. मी फाइल हातात धरून दाराशी उभी होते. मी अशी उभी राहिले की लोकांना मी दिसत नाही. शाळेपासून तसंच आहे, आणि वकिलीत त्याचा उपयोग झाला आहे.

"मंगळवार तुमचा," त्यातला एक म्हणाला. "दिसभर. गिरणी खास तुमच्या वस्तीसाठी चालू ठिवतो म्हणायलाय. आजून काय पायजे?"

"मंगळवारी बाकीच्यायचं दळणार का?" मावशीनं विचारलं.

"न्हाई ना. तुमचंच. लाइन न्हाई, गर्दी न्हाई. राणीवानी दळून घ्या."

"मला गर्दीच पायजे."

"आता हिला काय म्हणावं!" तो माणूस दिराकडे वळला. "समजाव रे बाबा तुझ्या वहिनीला."

दीर म्हणाला, "वहिनी, आयका जरा. पोरायला त्येंच्याच रानात कामाला जायचंय."

"जाऊ द्या की. मी कुठं नको म्हणायले?"

मग ती उठून सरळ माझ्याकडे आली. मी दिसत नाही असं तिला वाटलेलं नव्हतं. "मॅडम, हे मिटवता येतं का?"

मी सांगितलं की या कायद्यातला गुन्हा आपसात मिटवता येत नाही. तक्रारदाराच्या हातात ते नाही. सरकार विरुद्ध आरोपी अशी ही केस आहे. तिचा चेहरा जरासा उजळला. ती मागं वळून सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मॅडम म्हणतेत मिटत न्हाई! सरकारच आडून बसलंय. मी गरीब बाई काय करू?"

हवालदार तोंडावर रुमाल धरून आत निघून गेले. मोठी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी फाइल उघडून वाचायला लागले. फाइल उलटी होती की सुलटी ते मला आठवत नाही.

पण मिटवता येत नाही हे कागदावर. खरं मिटवणं साक्षीदाराच्या तोंडात असतं, हे त्या माणसांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. आणि आमच्याकडे मावशीशिवाय एकच साक्षीदार उरली होती. धनगर वाड्यातली एक आजी. शेळ्यामेंढ्या राखायची. त्या दिवशी ओळीत मावशीच्या डब्यापुढचा डबा तिचा होता. गिरणीवाल्यानं मावशीचा डबा उचलून भिंतीला ठेवलेला तिनं पाहिला, असा तिचा पोलिसांकडचा जबाब होता. कायदा आमच्या बाजूनं एवढं करतो की अशा केसमध्ये कृत्य सिद्ध झालं तर ते अस्पृश्यतेमुळंच झालं असं कोर्ट धरून चालतं. उलट सिद्ध करायचं ते आरोपीनं. पण कृत्य तर आम्हालाच सिद्ध करायचं होतं. बचावाचं म्हणणं होतं की डबे धान्याच्या क्रमानं लागतात, त्या दिवशी मावशीच्या डब्यात डाळ असणार, आणि बाकी सगळं राजकारण आहे.

आजीच्या साक्षीच्या दिवशी मी सकाळपासून पाणी पीत होते. आजी आली ती घाईतच. शेळ्या शेजारणीवर सोपवून आली होती आणि शेजारीण विश्वासाची नव्हती, असं तिनं पट्टेवाल्याला, टायपिस्टला आणि शपथ देणाऱ्यालाही सांगितलं.

मी विचारलं, "आजी, त्या दिवशी गिरणीत काय पाहिलंत?"

"काय न्हाई."

"डबा कुणी हलवला?"

"मला काय दिसतंय माय आता? डोळ्यात मोतीबिंदू हाय. शेरडंसुद्धा आवाजावरून वळखते."

गिरणीवाला पिंजऱ्यात उभा होता. जाडसर, मऊ चेहऱ्याचा माणूस. त्यानं डोळे मिटले, सुटका झाल्यासारखे. मावशी मागच्या बाकावर होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

मी साक्षीदार फितूर झाल्याचं सांगून उलटतपासणीची परवानगी मागितली. न्यायाधीश म्हणाले, "मोठ्यानं." मी पुन्हा मागितली. बचावाचे वकील वयस्क होते, तालुक्यातले जुने, सगळ्यांशी गोड. ते अर्धवट उठून म्हणाले, "ताई, निकाल लागायचा तो लागू द्या, पण आवाज तेवढा म्हातारीपर्यंत पोचवा. बिचारीला आपण फितूर झालो हे तरी कळू द्या." टायपिस्टसुद्धा हसली.

मी तिचा जबाब वाक्या-वाक्यानं तिच्यापुढे ठेवला. असं सांगितलं का? न्हाई. तसं सांगितलं का? न्हाई. पोलिसांनी मग लिहिलं कसं? त्येंलाच ईचारा. माझे लिहून आणलेले प्रश्न संपले. मी खाली बसायला हवं होतं. पण मला एक गोष्ट मावशीनं सांगितल्यापासून खरंच कळत नव्हती. कॉलेजात शिकवतात की ज्याचं उत्तर माहीत नाही तो प्रश्न साक्षीदाराला विचारू नये. मी विचारला.

"आजी, शेवटी डाळ दळतात. मग दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या ज्वारीत डाळीचं पीठ येत नाही का? भाकरी फाटत नाही?"

आजीला ते लागलं. गिरणीवाल्याच्या वतीनं लागलं. ती कठड्यावर हात ठेवून ताठ झाली.

"न्हाई, न्हाई! तसा माणूस न्हाई तो. लय चोख हाय. कुणाचं पीठ कुणात जाऊ देत न्हाई. डाळ दळली की वरून ह्येंच्या वस्तीची ज्वारी घालतोय. त्यात डाळ समदी निघून जाती. दगड कसा साफ!"

बचावाचे वकील उठायला लागले. न्यायाधीशांनी हातानं त्यांना थांबवलं.

"आणि मग सकाळी तुमची ज्वारी?" मी विचारलं.

"तशीच कशी घालंल? सकाळी आदी त्याच्या घरची मूठभर ज्वारी टाकतोय. ती कोंबड्यायला घालतोय. मग आमची."

"कोंबड्यांना का, आजी?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की या शिकल्यासवरल्या पोरीला एवढंही कळू नये. "मग? रातचं त्येंचं पीठ आसतंय ना दगडात. ते आमच्या भाकरीत यील की."

तिच्या आवाजात राग नव्हता, लाज नव्हती. एखादी बाई आपलं स्वयंपाकघर किती स्वच्छ आहे ते सांगते तसं ती सांगत होती. गिरणीवाल्याच्या चेहऱ्यावरही पहिल्यांदा काही उमटलं नाही. त्यालाही ते कौतुकच वाटलं असावं. मग त्यानं आपल्या वकिलांचा चेहरा बघितला.

न्यायाधीश टायपिस्टला सांगायला लागले, साक्षीच्या भाषेत, सावकाश. "सकाळी आरोपी प्रथम स्वतःची मूठभर ज्वारी दळतो व ती कोंबड्यांना टाकतो. कारण आदल्या रात्रीचे वस्तीतील लोकांचे पीठ आमच्या भाकरीत येऊ नये." कीबोर्डचा आवाज तेवढा येत होता. मला मागं बघायचं होतं. मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिले.

बचावाच्या वकिलांनी डाव सावरायचा प्रयत्न केला. ते आजीला अगदी मायेनं म्हणाले, "आज्जी, ती मूठ टाकतात ती डाळीचं पीठ काढायलाच ना? स्वच्छतेसाठी?"

"डाळ कशी ऱ्हाईल बाबा?" आजी म्हणाली. "डाळ तर आदल्याच दिशी त्येंच्या ज्वारीत गेली."

ते खाली बसले.

नंतर मी व्हरांड्यात आले तेव्हा आजी आणि मावशी शेजारी शेजारी बसल्या होत्या. आजीनं कनवटीची तंबाखू काढली होती आणि ती शेळ्यांच्या काळजीत होती. "तुझ्याविरुद्ध काय बोलले न्हाई बरं मी," ती मावशीला सांगत होती. "त्याच्याविरुद्ध बी न्हाई. दोघायचंबी राखलं." कोंबड्यांचं मावशीलाही आजच कळलं होतं. मग तिनं आजीच्या तळहातावरची तंबाखूची चिमूट उचलली आणि म्हणाली, "व्हय व्हय, म्हातारे. लय राखलंस." त्यात टोमणा किती होता आणि माया किती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी दोघींसाठी चहा सांगितला आणि आत निघून गेले. तिथं थांबायचं मला सुचलं नाही.

गिरणीवाल्याला शिक्षा झाली. कायद्यात जी कमीत कमी आहे तीच. निकाल वाचताना न्यायाधीशांनी कोंबड्यांचं वाक्य पुन्हा वाचलं, आणि या वेळी मात्र गिरणीवाल्यानं मान खाली घातली. बाहेर आल्यावर तो मावशीपाशी थांबला. मला वाटलं आता काही तरी वाईट बोलेल. हवालदारही पुढं सरकले.

"वैनी," तो म्हणाला, "मी कदी तुमाला वाईट बोललो का? एक शब्द?"

"न्हाई बोललास."

"मग?"

"डबा तर न बोलताच हालवतोस की रे."

तो अपिलात गेला, शिक्षेला स्थगिती मिळाली आणि गिरणी चालू राहिली. जिल्ह्याच्या कोर्टात अपिलाच्या तारखा पडत होत्या, तेवढ्यात माझी बदली झाली. पुढं काय झालं ते मी कुणाला विचारलेलं नाही. हवालदारांनी निरोप देताना भजी आणली होती आणि म्हणाले होते, "मॅडम, आवाज सुटला बरं का तुमचा. आता जरा हळू बोला." बचावाच्या वकिलांनी पेन दिलं. ते अजून माझ्याकडे आहे, शाई मात्र नीट येत नाही.

पण मावशी एकदा भेटून गेली होती. निकालानंतर काही आठवड्यांनी, बाजाराच्या दिवशी. मी रेकॉर्डच्या खोलीत डबा खात होते. ती दारात उभी राहिली, हातात भाजीची पिशवी. मी बसा म्हटलं, ती बसली नाही.

"गेले व्हते मॅडम गिरणीत."

मी घास तसाच ठेवला.

"ज्वारीच्या लायनीत डबा ठिवला आन् घरी गेले. थांबले न्हाई तिथं. बसले न्हाई. बाकीच्या जातेत तशी गेले. दुपारी येऊन बघितलं तर दोन बायांनी आपापले डबे उचलून नेलते. एक तर शेजारच्या गावाला गेली म्हणे दळायला. जाऊ दे, तिची गाडी, तिचं पेट्रोल."

"आणि तुमचा?"

"तिथंच व्हता. मव्ह्यामागं म्हातारीचा. ती उबीच व्हती तिथं."

"काही बोलली?"

"बोलली की. म्हणली, सरक जरा, सावलीत ठिवू दे."

"दळलं?"

"दळलं ना. नंबरावर दळलं." आणि एवढं सांगताच तिचा चेहरा एकदम बदलला. कपाळाला आठी पडली, हात कमरेवर गेला. "पण काय दळलं मॅडम! पीठ हाय का रवा? भाकर थापायला जावं तर कडानं फाटायली. दगड झिजलाय, त्याला टाकी लावलेली न्हाई त्यानं दिवाळीपासून. सगळ्या बाया बोंबलायल्यात. जाडंभरडं पीठ द्यायला काय आमी म्हशी हाव?"

इतकी संतापलेली मी तिला कोर्टात एकदाही पाहिली नव्हती.

"त्याला काय कलम हाय का?" तिनं विचारलं.

मी खरंच विचार केला. "नाही मावशी. तुमच्या एकटीचंच जाड दळलं असतं तर होतं."

"न्हाई, सगळ्यायचंच जाड हाय."

"मग नाही."

"मग ऱ्हाऊ द्या. मीच बघते." तिनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "ह्या टायमाला बाया तिथंच आसतेत. समद्यायच्या म्होरं चांगला झापते त्याला. येते मॅडम, गाडी जाईल."

आणि ती व्हरांड्यातून भराभर गेली. मी खिडकीशी गेले तेव्हा ती रस्ता ओलांडत होती, एसटीला हात दाखवत, कुणाशी तरी भांडायला उशीर होतो आहे अशा घाईनं.